सास्तूरपासून विद्यापीठ किती लांब?

सास्तूर हे नाव महाराष्ट्राला कळले ते एका पहाटेमुळे. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली, गणपती बोळवून गाव झोपी गेलेले. चारच्या सुमारास जमीन हलली आणि दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. किल्लारीबरोबर सास्तूरचेही नाव त्या दिवशी वर्तमानपत्रांत आले. पुढे घरे बांधली गेली, नवे गाव वसले. पण भूकंपानंतरच्या पुनर्वसनात एक प्रश्न नेहमी मागे पडतो, तो म्हणजे माणसांच्या शिक्षणाचा.

काही वर्षांपूर्वी या भागात जाणे झाले, तेव्हा एका शिक्षकांनी मला हा प्रश्न साध्या शब्दांत विचारला. ते म्हणाले, "सर, आमच्या मुली बारावीपर्यंत येतात. पुढे लातूर, सोलापूर. ज्यांना जमते त्या जातात. बाकीच्यांचे काय? पदवी इथे आणून देता येते म्हणतात. ती खरी पदवी असते का? आणि तिचा खर्च नेमका कोण सोसतो?"

या प्रश्नांची उत्तरे इतिहासात सापडतात आणि थोड्या गणितातही. दोन्ही पाहू या.

अंतर आणि भाषा

आजचा धाराशिव, म्हणजे पूर्वीचा उस्मानाबाद जिल्हा, १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. इथल्या तरुणाला विद्यापीठात शिकायचे तर हैदराबाद गाठावे लागे. तिथले उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली स्थापन झाले. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता. त्यासाठी १९१७ पासूनच एक भाषांतर विभाग उघडून विज्ञान, वैद्यक, इतिहास अशा विषयांचे ग्रंथ उर्दूत आणले गेले. कल्पना उत्तम होती; पण मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणाऱ्या बहुसंख्य प्रजेच्या दृष्टीने ही भाषाही परकीच होती. म्हणजे सास्तूरच्या मुलापुढे दोन अंतरे होती : एक मैलांत मोजायचे, दुसरे भाषेचे.

मराठीतून शिकवण्याची धडपड लोकांनीच केली. १९२१ साली सुरू झालेली हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा याच परिसरातली. स्वामी रामानंद तीर्थ या शाळेत शिकवत होते. संस्थान भारतात विलीन झाल्यानंतर दहा वर्षांनी, १९५८ साली, औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ निघाले. भाषेचे अंतर मिटले. पण सास्तूरपासून औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, अडीचशे किलोमीटरांहून दूर आहे. जवळच्या गावी महाविद्यालये निघाली, तरी रोज जाऊन वर्गात बसणे ही अट कायम राहिली. शेतात किंवा दुकानात काम करणारा माणूस आणि लग्न होऊन सासरी गेलेली मुलगी या अटीतच अडकत.

टपालाचा शोध

वर्गात न बसता शिकण्याची कल्पना मुळात टपालाच्या दरातून जन्मली, असे म्हटले तर आश्चर्य वाटेल. १८४० साली इंग्लंडात एक पेनीचे टपाल सुरू झाले. पत्र शेजारच्या गल्लीत जावो की देशाच्या दुसऱ्या टोकाला, दर एकच. त्याच वर्षी आयझॅक पिटमन यांनी लघुलेखनाचे धडे टपालाने शिकवायला सुरुवात केली. विद्यार्थी सराव लिहून पाठवत, पिटमन तो तपासून परत करत. आपल्याकडे अंतरावर न ठरणारा टपालदर १८५४ साली आला.

यातले तत्त्व लक्षात घ्या. शिकवण्याचा खर्च अंतरावर अवलंबून राहिला नाही, की लांबचा विद्यार्थी आणि जवळचा विद्यार्थी सारखेच स्वस्त किंवा सारखेच महाग होतात. दूरशिक्षणाचे सगळे अर्थकारण या एका गोष्टीवर उभे आहे.

पुढची पायरी लंडन विद्यापीठाची. १८५८ पासून त्याने आपल्या परीक्षा कोणालाही खुल्या केल्या. कोणत्या महाविद्यालयात शिकलात हे विचारणे बंद झाले. गंमत अशी की त्याच्या आदल्याच वर्षी स्थापन झालेले आपले मुंबई विद्यापीठ लंडनच्याच नमुन्यावर बेतलेले होते. तेही शिकवत नसे, फक्त परीक्षा घेई. पण संलग्न महाविद्यालयात हजेरीची अट मात्र आपल्याकडे मुरली ती मुरलीच.

लंडनच्या पद्धतीत एक उणीव होती. ती परीक्षा खुली करत होती, शिकवणे नाही. दार उघडले, पण आत नेणारे कोणी नव्हते. ही उणीव भरून काढली ती ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने. १९६३ साली हॅरॉल्ड विल्सन यांनी ग्लासगो येथील भाषणात ती कल्पना मांडली. जेनी ली या खाणकामगाराच्या मुलीने मंत्री म्हणून ती चिवटपणे रेटली. १९६९ साली सनद मिळाली आणि १९७१ च्या जानेवारीत पहिले २४-२५ हजार विद्यार्थी शिकू लागले. प्रवेशाला आधीच्या कोणत्याही परीक्षेची अट नव्हती.

विज्ञान शिक्षकांनी यातली एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवावी. विज्ञानाच्या पायाभूत अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांना घरी प्रयोगसाहित्याची पेटी पाठवली जाई. तीत प्लास्टिकचा, हातात मावेल असा सूक्ष्मदर्शकही असे. शिवाय उन्हाळ्यात आठवडाभर प्रत्यक्ष प्रयोगशाळेत काम करावे लागे. प्रयोग वगळून विज्ञानाची पदवी द्यायची नाही, हे त्यांनी पहिल्या दिवशीच ठरवले होते. त्याचा खर्चही त्यांनी आधीच धरला होता.

ज्ञानगंगा घरोघरी

भारतात दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. कोठारी आयोगाने (१९६४–६६) त्याला पाठिंबा दिला आणि इतर विद्यापीठांनी ते उचलले. अनेक ठिकाणी हे विभाग 'दुभती गाय' झाले. विद्यार्थ्यांचे शुल्क घ्यायचे, चक्रमुद्रित टिपणे पाठवायची आणि उरलेला पैसा विद्यापीठाच्या इतर गरजांना वापरायचा. पत्रद्वारा शिक्षणाला दुय्यम समजले गेले, त्याचे एक कारण हे आहे.

स्वतंत्र मुक्त विद्यापीठांची सुरुवात १९८२ साली हैदराबादला झाली. १९८५ साली संसदेच्या कायद्याने इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आले. दोन्हींचे पहिले कुलगुरू जी. राम रेड्डी. महाराष्ट्राने आपले विद्यापीठ १ जुलै १९८९ रोजी नाशिकला स्थापन केले. तेच यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. ब्रीदवाक्य 'ज्ञानगंगा घरोघरी'.

पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले हे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. ताकवले-पुराणिक यांचे यामिकीचे इंग्रजी पाठ्यपुस्तक देशभरच्या अनेक विद्यार्थ्यांनी वापरले आहे. पुणे विद्यापीठाचे कुलगुरुपद सांभाळून ते नाशिकला आले होते. आराखडा काय होता? अठरा वर्षे पूर्ण झालेल्या, पण बारावी न झालेल्या माणसाला पूर्वतयारीचा छोटा शिक्षणक्रम देऊन पदवीच्या वाटेवर आणायचे. पुस्तके मराठीत, एकट्याने वाचून समजतील अशी लिहायची. लेखक, संपादक आणि अध्यापनतंत्र जाणणारा असे तिघे मिळून ती घडवायची. अभ्यासकेंद्रे नवी बांधायची नाहीत. असलेल्या महाविद्यालयांच्या खोल्या सुटीच्या दिवशी वापरायच्या. तिथले प्राध्यापक समंत्रक म्हणून काम करणार आणि त्यांना तासाप्रमाणे मानधन मिळणार.

हे वाचणाऱ्या शिक्षकांपैकी किती जणांनी नोकरी सांभाळत याच विद्यापीठातून बी.एड. केले असेल, याचा अंदाज आपापल्या शिक्षकखोलीत घेता येईल.

खर्चाचे समीकरण

आता शिक्षकांच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येऊ. दूरशिक्षणाच्या खर्चाचे दोन भाग असतात. पुस्तके लिहून घेणे, ध्वनिफिती-चित्रफिती आणि प्रश्नसंच तयार करणे हा खर्च विद्यार्थी दहा असोत की दहा हजार, तेवढाच. त्याला 'स्थ' म्हणू. छपाई, टपाल, समंत्रकाचे मानधन, स्वाध्याय तपासणे हा खर्च दर विद्यार्थ्यामागे होतो. तो 'च'. विद्यार्थी 'न' असतील तर दरडोई खर्च = स्थ/न + च.

समजण्यासाठी काल्पनिक आकडे घेऊ. स्थ = ३० लाख रुपये, च = १,००० रुपये. विद्यार्थी ३०० असतील तर दरडोई ११,००० रुपये पडतात. ३,००० असतील तर २,०००. ३०,००० असतील तर १,१००. फळ्यावर आलेख काढला तर रेषा आधी झपाट्याने उतरते आणि मग सपाट होते.

यातून तीन गोष्टी निघतात. पहिली, सुरुवातीचा पैसा विद्यार्थी येण्याआधीच लागतो. तो शुल्कातून येऊ शकत नाही, शासनानेच द्यावा लागतो. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाला पहिली वीसहून अधिक वर्षे थेट शिक्षण खात्याकडून पैसे मिळत. आपल्याकडे राज्याच्या अनुदानाबरोबर, १९९१ साली स्थापन झालेल्या दूरशिक्षण परिषदेमार्फत केंद्राचा निधी येई. ती परिषद २०१३ साली विसर्जित झाली आणि काम विद्यापीठ अनुदान आयोगाकडे गेले.

दुसरी गोष्ट, विद्यापीठाला शुल्कावरच जगावे लागले तर ज्या विषयांना 'न' मोठा तेच विषय वाढतात. कला आणि वाणिज्य फोफावतात. विज्ञानाला 'न' लहान आणि प्रयोगांमुळे 'च' मोठा, म्हणून ते मागे राहते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पैशाची ओढाताण झाली की कात्री 'च'ला लागते, आणि 'च'मध्ये असतो समंत्रक. पुस्तक आधीच छापलेले असते, ते कापता येत नाही; माणूस कापता येतो. मग विद्यार्थी गळतात. वरच्या उदाहरणात दरडोई खर्च २,००० रुपये आहे. पण चारांतला एकच विद्यार्थी पदवीपर्यंत पोहोचला तर एका पदवीधरामागचा खर्च ८,००० रुपये होतो. समंत्रकावर माणशी ५०० रुपये जास्त खर्चून चारांतले दोन पोहोचले, तर तोच खर्च ५,००० रुपयांवर येतो. बचत करायला गेलो आणि महाग पडले, असे होते ते इथे.

वेळेचा हिशेब

पैशाइतकीच टंचाई वेळेची असते. सध्याच्या मांडणीत तीन वर्षांच्या पदवीला साधारण १२० श्रेयांक लागतात. दूरशिक्षणात एक श्रेयांक म्हणजे ३० तासांचा अभ्यास. म्हणजे एकूण ३,६०० तास. तीन वर्षांत संपवायचे तर आठवड्याला सुमारे २३ तास. काम करणाऱ्या माणसाला हे शक्य नाही.

आठवड्याला १२ तास धरू. खंड न पडता अभ्यास झाला तर पावणेसहा वर्षे लागतील. पण सुगी आणि पेरणीचे मिळून दहा आठवडे वर्षातून वजा करा. उरतात ४२ आठवडे, म्हणजे ५०४ तास. आता पदवीला सात वर्षांहून थोडा अधिक काळ लागतो. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठात तीन वर्षांच्या पदवीची कमाल मुदत सहा वर्षांची असते. २०२१ साली सुरू झालेल्या श्रेयांक बँकेत जमा झालेले श्रेयांकही साधारणपणे सात वर्षे टिकतात. म्हणजे आपला प्रामाणिक विद्यार्थी मुदतीच्या उंबरठ्यावर अडखळतो. आळसामुळे नव्हे, मुदत ठरवताना सुगीचे आठवडे कोणी मोजले नाहीत म्हणून.

लवचीकता म्हणजे नुसते 'कधीही शिका' असे म्हणणे नव्हे. विद्यार्थ्याचे वर्ष कसे जाते ते आधी विचारून मग मुदत ठरवणे, ही लवचीकता. चाळीस श्रेयांकांना प्रमाणपत्र, ऐंशीला पदविका असे टप्पे २०२० च्या शिक्षण धोरणानंतर आले आहेत. त्यामुळे मध्येच थांबलेल्याचे कष्ट वाया जात नाहीत, ही चांगली बाजू. पण टप्प्यावर थांबण्याची सोय म्हणजे पुढे जाण्याची सोय नव्हे.

शाळेची प्रयोगशाळा

मग ती पदवी खरी असते का? मी त्या शिक्षकांना सांगितले : कायद्याने मान्य विद्यापीठाची आणि मान्यताप्राप्त शिक्षणक्रमाची पदवी खरीच असते. पण ती किती भरीव असेल हे त्या हिशेबातल्या 'च'वर ठरते. स्वाध्याय कोणी तपासला का, चुकले ते समजावले का, प्रयोग हाताने केला का?

यातला शेवटचा प्रश्न आपल्या हातात आहे. आपल्या शाळांच्या प्रयोगशाळा रविवारी कुलूपबंद असतात. तिथे सूक्ष्मदर्शक आहे, तराजू आहे, ब्युरेट आहे. नाशिकच्या आराखड्याने महाविद्यालयांच्या रिकाम्या खोल्या वापरल्या. माध्यमिक शाळांच्या प्रयोगशाळांचा तसाच उपयोग, निदान पहिल्या वर्षाच्या प्रयोगांपुरता, का होऊ नये? इमारत बांधावी लागणार नाही. रसायने, काचसामान आणि शिक्षकाचे मानधन एवढाच खर्च येईल. तो विद्यार्थ्याच्या शुल्कात न ढकलता शासनाने सोसावा, एवढाच आग्रह धरायचा.

दरम्यान, वरची समीकरणे नववी-दहावीच्या वर्गात जरूर करून घ्या. स्थ, च, न यांच्या किमती बदलून आलेख काढायला सांगा. मग प्रत्येकाला आपल्या घरातल्या, शिक्षण अर्धवट राहिलेल्या एका माणसाला विचारायला सांगा : आठवड्याला किती तास मिळतील, आणि वर्षातले कोणते आठवडे मिळणार नाहीत? आलेली उत्तरे एका तक्त्यात मांडा. आपल्या गावासाठी पदवीचा आराखडा कोणाला करायचा झाला, तर त्याची सुरुवात त्या तक्त्यापासून करावी लागेल.