फॅरोंनंतरचे इजिप्शियन

इजिप्त म्हटले की पिरॅमिड, ममी आणि तुतनखामुनचा सोन्याचा मुखवटा डोळ्यांपुढे येतो. आजच्या कैरोकराचा चेहरा येत नाही. असे का व्हावे आणि त्यात संग्रहालयांचा हात किती, याचा शोध घेणारी एक अभ्यासशाखा आहे.

सुरुवात ब्रिटिश म्युझियममधल्या रोझेटा शिळेपासून करू. सगळ्यांचे लक्ष दर्शनी बाजूच्या तीन लिप्यांकडे असते. शिळेच्या कडेवर मात्र एक इंग्रजी ओळ रंगवलेली आहे : ब्रिटिश सैन्याने ही शिळा १८०१मध्ये इजिप्तमध्ये हस्तगत केली. शिळेवरची चित्रलिपी उलगडल्याचे श्रेय फ्रेंच अभ्यासक शांपोलियोंचे, हे खरेच. पण त्यांना कॉप्टिक भाषा शिकवणारे युहन्ना शिफ्तिशी हे इजिप्शियन धर्मगुरू होते, आणि कॉप्टिक ही फॅरोंच्या भाषेचीच वंशज. हा धागा संग्रहालयात क्वचितच दिसतो.

उत्खननातही तेच. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांनी इजिप्तमधल्या कुफ्त गावच्या माणसांना खोदकामात तरबेज केले आणि पुढच्या पिढ्यांनी तोच पेशा पत्करला. वस्तू मात्र जगभर गेल्या त्या पेट्रींच्या नावाने. इजिप्शियन अभ्यासक अहमद कमाल यांनी प्राचीन इजिप्शियन भाषेचा बावीस खंडांचा कोश रचला. तो त्यांच्या हयातीत छापला गेला नाही. इजिप्तच्या पुराणवस्तू खात्याचे प्रमुखपद १८५८पासून १९५२पर्यंत फ्रेंचांकडेच होते.

तरी केवळ परदेशी संग्रहालयांना बोल लावून भागत नाही. खुद्द इजिप्तमध्येही फॅरोंचा काळ कैरोच्या तहरीर चौकातील संग्रहालयात, कॉप्टिक आणि इस्लामी काळ आपापल्या इमारतींत, ग्रीक-रोमन काळ अलेक्झांड्रियात, अशी वाटणी वसाहतकाळात झाली. २०२१मध्ये राजघराण्यांतील बावीस ममी तहरीर चौकातून मिरवणुकीने कैरोतल्याच फुस्तात भागातील संग्रहालयात नेल्या. तिथल्या मुख्य दालनात प्रागैतिहासिक काळापासून आजपर्यंतची कथा सलग मांडली आहे. २०२५च्या नोव्हेंबरमध्ये गिझाला खुले झालेले भव्य संग्रहालय मात्र ग्रीक-रोमन काळाशी थांबते. इजिप्शियन माणसाला आपल्याच इतिहासात कुठवर जागा मिळते, हा वाद म्हणूनच देशातही मिटलेला नाही.

या विषयात शिरायला चित्रलिपी यावी लागत नाही. बडोद्याच्या संग्रहालयातही एक इजिप्शियन ममी आहे. ती कुणाची, एवढ्यावर न थांबता ती कुणी उकरली, कुणी विकली आणि इथवर कशी आली, हेही विचारावे. अभ्यासाला तिथूनच सुरुवात होते.