भराव पडण्याआधीच बुडालेला पैसा

मुंबईत जमिनीवर पैसा लावणाऱ्यांचे सर्वांत गाजलेले दिवाळे निघाले ते अशा जमिनीपायी, जी अजून समुद्राखालीच होती.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तिथला कापूस इंग्लंडमधल्या लँकेशरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. गिरणीमालक मुंबईकडे वळले, कापसाचे भाव गगनाला भिडले. चार वर्षे शहरात पैशांचा पूर आला होता आणि तो गुंतवायला जागा हवी होती. बँका, वित्तसंस्था आणि समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या एकामागून एक निघाल्या. त्यांत सर्वांत झगमगती होती बॅक बे रेक्लमेशन कंपनी. तिचा ५,००० रुपये भरलेला शेअर ५०,००० च्या घरात गेला.

कल्पनेत खोट नव्हती. बेटांमधल्या खाड्या बुजवतच मुंबई वाढली होती. १८५३ मध्ये आगगाडी सुरू झाली होती, बंदराला धक्के अपुरे पडत होते, वस्ती दाटत होती. किनाऱ्यालगतची जमीन एक ना एक दिवस सोन्याच्या भावाने जाणार, हा अंदाज पुढे खराही ठरला.

खोट होती पैशाच्या रचनेत. शेअरचे व्यवहार वायद्याने होत. पूर्ण रक्कम हातात नसतानाही सौदा करता येई. १८६३ च्या नव्या कायद्याने बँक ऑफ बॉम्बेला शेअरच्या तारणावर कर्ज देण्याची मोकळीक मिळाली. शेअर दलाल प्रेमचंद रायचंद यांच्या शिफारशीवर मोठमोठी कर्जे मंजूर होत. कर्ज काढून शेअर घ्यायचा, तोच गहाण टाकून दुसरा घ्यायचा, असे चक्र सुरू झाले. भराव घालायला वर्षे लागणार होती, वायदा मात्र काही महिन्यांत पुरा करायचा होता. शिवाय सगळा डोलारा एका दूरच्या युद्धावर उभा होता. ते थांबले तर काय, याची तजवीज फार थोड्यांनी केली होती.

एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतल्या दक्षिणेकडच्या राज्यांचा सेनापती जनरल ली याने शरणागती पत्करली आणि युद्ध संपत आले. ती बातमी मुंबईत पोहोचताच कापूस कोसळला, पाठोपाठ शेअर. १ जुलैला वायद्यांची मुदत भरली, तेव्हा देणेकऱ्यांकडे पैसा नव्हता आणि तारणाचे कागद कवडीमोल झाले होते. प्रेमचंद स्वतः बुडाले. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारख्या विद्वानाचीही मिळकत त्यात गेली. १८६८ मध्ये जुनी बँक ऑफ बॉम्बे गुंडाळावी लागली. १८६४ च्या खानेसुमारीत ८,१६,५६२ असलेली शहराची वस्ती १८७२ मध्ये ६,४४,४०५ वर आली.

जमीन मात्र झाली. बॅक बेचा पट्टा सरकारकडे जाऊन रेल्वेच्या कामी आला. पूर्व किनाऱ्यावर भराव घालणारी एल्फिन्स्टन कंपनी सरकारने विकत घेतली आणि तिची मालमत्ता १८७३ मध्ये स्थापन झालेल्या पोर्ट ट्रस्टच्या हाती गेली. ज्याला थांबणे परवडत होते, त्याच्याच पदरात जमीन पडली.

पण नुसता दम असून भागत नाही, हे पुढच्या पिढीने पाहिले. पहिल्या महायुद्धानंतर जागेची टंचाई आणि तेजी पाहून गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी बॅक बेमध्ये १,१४५ एकर भराव घालण्याची योजना आखली. खर्च अंदाजाबाहेर गेला, गाळ उपसण्याचे काम अपेक्षेप्रमाणे होईना. वकील खुर्शेद नरिमन यांनी हा कारभार चव्हाट्यावर आणला, १९२६ मध्ये चौकशी समिती नेमली गेली. ४३९ एकरच पुरे झाले, आणि ती जमीन विकायची वेळ आली तेव्हा जागतिक मंदी सुरू झाली होती. मरीन ड्राइव्ह उभा आहे तो याच भरावावर.

तयार नसलेल्या जागेवर पैसा लावण्याची रीत पुढे फ्लॅटच्या रूपाने घरोघरी पोहोचली. खरेदीदाराच्या संरक्षणासाठी महाराष्ट्राने १९६३ मध्ये मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा केला. २०१६ च्या रेरा (स्थावर संपदा) कायद्याने ग्राहकांकडून आलेल्या पैशांतले ७० टक्के त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवणे बिल्डरवर बंधनकारक केले. ताबा देण्याची तारीख जाहीर करावी लागते. ती हुकली तर ग्राहकाला व्याज मागता येते किंवा पैसे परत घेता येतात. इमारत रखडली तरी बँकेच्या कर्जाचा हप्ता मात्र दरमहा भरावाच लागतो. तेवढी शिल्लक वेगळी काढून ठेवणे हे काम आजही खरेदीदाराचेच आहे.