रजिस्टरातलं नाव : सातारा, सांगली आणि परदेशी डॉक्टरकी

मंडळी, घरी गेलात की एक काम करा. डॉक्टरांची एखादी जुनी चिठ्ठी शोधून काढा. वर नाव असेल, नावापुढे पदवी असेल आणि त्याखाली बारीक अक्षरात ‘रजि. नं.’ आणि एक आकडा. हा आकडा चिठ्ठीवर, पावतीवर छापावा आणि दवाखान्यात लावावा, असा नियम २००२ पासून आहे. आपण तो कधी वाचत नाही. पण ज्या घरातला मुलगा किंवा मुलगी परदेशात डॉक्टरकी शिकून आली आहे, त्या घराला विचारा. सहा-सात वर्षं आणि विकलेलं एखादं एकर, एवढं सगळं त्या आकड्यावर अडकलेलं असतं.

हा आकडा म्हणजे डॉक्टरला किती येतं याचं माप, असं आपण धरून चालतो. आम्ही या विषयात शिरलो तेव्हा आमचीही तीच समजूत होती. कागद वाचत गेलो तसं लक्षात आलं की रजिस्टर हा आधी दोन सरकारांमधला व्यवहार होता. तुमच्या पदव्या आम्ही मानतो, आमच्या तुम्ही माना, असा. कोण किती शिकलाय हा प्रश्न नंतर आला. आणि सरकारांचा हा व्यवहार जेव्हा जेव्हा मोडला, तेव्हा त्याची किंमत एकेकट्या माणसाने मोजली. आज त्याबद्दलच बोलायचं आहे, आणि तेही आपल्या भागातून.

सुरुवात कोल्हापुरापासून करू, कारण सांगलीहून ते लांब नाही. आनंदीबाई जोशी ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियातल्या महिलांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. झाल्या. त्यांना कोल्हापूर संस्थानाने अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातल्या स्त्रियांच्या विभागावर नेमलं. काम सुरू होण्याआधीच, फेब्रुवारी १८८७ मध्ये, त्या गेल्या. ही कथा सगळ्यांना माहीत आहे. आम्हाला त्यातली एक कोरडी बाब दाखवायची आहे. त्यांची अमेरिकन पदवी इथे चालते का, हे कोणत्या परिषदेला विचारायची गरजच नव्हती. अशी परिषद हिंदुस्थानात नव्हती, रजिस्टरही नव्हतं. दिवाणांनी पत्र पाठवलं, नेमणूक झाली. आज हीच मुलगी परदेशातून एम.डी. होऊन परत आली असती तर रुग्णालयात पाऊल टाकण्याआधी तिला काय काय करावं लागलं असतं, ते पुढे येईलच.

आता मिरज. विल्यम वान्लेस हा मूळचा कॅनडाचा माणूस, डॉक्टर झाला न्यूयॉर्कला. १८८९ मध्ये अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे इकडे आला, आधी सांगलीत दवाखाना काढला, मग मिरजेला गेला. १८९४ मध्ये तिथे रुग्णालय उभं राहिलं आणि १८९७ पासून त्याच आवारात वैद्यकीय शिक्षणही सुरू झालं. मिरजेला आज जे दवाखान्यांचं गाव म्हणतात, त्याची मुळं तिथे आहेत. तिकडे वाईला अमेरिकन मराठी मिशनचे लेस्टर आणि रोझ बील्स हे डॉक्टर दांपत्य, तेही अमेरिकेत शिकलेलं. म्हणजे कृष्णेच्या काठाने वाईपासून मिरजेपर्यंत आलात तर नव्या वैद्यकाची ही दोन मोठी ठाणी परदेशी पदवीवरच चालली होती. परदेशी पदवी इथे आधी उपरी नव्हतीच, तीच पाहुण्यासारखी मानाने बसली होती!

मग १९१२ साल आलं. मुंबई इलाख्याने वैद्यकीय नोंदणीचा कायदा केला, हिंदुस्थानातला पहिलाच. बंगाल आणि मद्रास त्याच्या मागून, १९१४ मध्ये. या कायद्याने कुणाचा दवाखाना बंद केला नाही. नोंदणी नसलेल्यालाही रोगी तपासायला मोकळीक होती. पण कायद्याने जिथे डॉक्टरचा दाखला लागतो तिथे नोंदणीवाल्याचीच सही चालायची, आणि सरकारी जागाही त्यालाच. रजिस्टरात कोण? ब्रिटनच्या रजिस्टरवर नाव असलेला डॉक्टर सरळ आत. इथल्या विद्यापीठांचे पदवीधर आत. अमेरिकन पदवीला असा थेट हक्क नव्हता. न्यूयॉर्कचं वैद्यक लंडनच्या वैद्यकापेक्षा हलकं होतं म्हणून का? तसं कुणी सिद्ध केलेलं नव्हतं. लंडन आपल्या साम्राज्यात होतं, न्यूयॉर्क नव्हतं, इतकंच.

यात आणखी एक गंमत आहे, आणि ती फक्त आपल्या भागातच दिसेल. सातारा १८४८ मध्ये खालसा झालं, तेव्हापासून तो ब्रिटिश जिल्हा. तासगाव आणि वाळवा हे तालुके त्याच जिल्ह्यात. सांगली आणि मिरज मात्र पटवर्धनांची संस्थानं. मुंबईच्या विधिमंडळाचा कायदा संस्थानात आपोआप लागू होत नसे. म्हणजे तासगावचा शेतकरी आजारी बायकोला बैलगाडीत घालून मिरजेला निघाला, की वाटेत कुठेतरी, बहुधा एखाद्या ओढ्यापाशी, रजिस्टरची हद्द संपायची. ओढ्याच्या अलीकडे आणि पलीकडे डॉक्टरच्या सहीची किंमत वेगळी. ऑपरेशन तेच, टाके तेच. हा शेतकरी अर्थातच हद्दीचा विचार करत नव्हता. वान्लेससाहेबाच्या हाताला गुण आहे, एवढं त्याला पुरेसं होतं. १९२८ मध्ये वान्लेस निवृत्त झाले, त्याच वर्षी त्यांना सर हा किताब मिळाला.

इथपर्यंत आपण परदेशी पदवी इथे कशी मानली गेली ते पाहिलं. आता उलट बाजू. ब्रिटनची जनरल मेडिकल कौन्सिल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मुंबई, मद्रास, कलकत्ता इथल्या पदव्या मान्य करत होती. पहिल्या महायुद्धानंतर तिने कुरकूर सुरू केली. बाळंतपणाचं प्रत्यक्ष शिक्षण इथे पुरेसं होत नाही, विद्यार्थ्यांच्या हातून पुरेशी बाळंतपणं होत नाहीत, असा आक्षेप. तपासनीस आले, अहवाल झाले. आक्षेपात तथ्य होतं का? काही अंशी होतं, हे मान्य करायला हवं. बायका बाळंतपणाला रुग्णालयात येतच नव्हत्या, विद्यार्थी शिकणार कुणावर? पण लंडनने नेमलेला कायमचा तपासनीस आणि त्याचा पगार मात्र हिंदुस्थानच्या तिजोरीतून, हे इथल्या कायदेमंडळाला आणि डॉक्टरांना पटलं नाही. फेब्रुवारी १९३० मध्ये, म्हणजे दांडीयात्रेच्या आदल्या महिन्यात, लंडनने मान्यता काढून घेतली. आदल्या दिवशी साम्राज्याचा पदवीधर होता तो दुसऱ्या दिवशी ब्रिटनच्या दारात परका झाला. त्याच्या ज्ञानात एका रात्रीत काय घट झाली असेल!

या अपमानातून १९३३ चा इंडियन मेडिकल कौन्सिल कायदा आला. पदव्यांचा दर्जा आता आपली परिषद ठरवणार होती. पुढे १९३६ मध्ये लंडनशी पुन्हा जुळलं. इथे एक तिरकी गोष्ट सांगून पुढे जाऊ. १९३३ च्या कायद्याने फक्त विद्यापीठाच्या पदव्या धरल्या, एल.सी.पी.एस.सारख्या परवान्यावर काम करणारे बाहेर राहिले. आणि तालुक्याच्या गावात भेटणारा डॉक्टर बहुधा तोच असायचा. लंडनने आपल्याला बाहेर ठेवलं म्हणून आपण चिडलो, आणि आपली परिषद बसवताना आपल्याच माणसांना ओसरीवर ठेवलं. नोंदणीशिवाय दवाखाना चालवायला बंदी आली ती १९३८ च्या मुंबईच्या कायद्याने. त्यात वैद्य-हकिमांचीही नोंद सुरू झाली. तो मोठा विषय आहे, त्याला वेगळं व्याख्यान लागेल.

स्वातंत्र्यानंतरचं भराभर सांगतो. १९४८ मध्ये संस्थानं विलीन झाली, १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला, त्यालाच १९६० मध्ये सांगली हे नाव मिळालं. ओढ्यापाशी संपणारी हद्द पुसली गेली. १९५६ चा केंद्राचा कायदा आणि १९६५ चा महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा कायदा, यांनी सगळ्या राज्याला एक रजिस्टर दिलं. परदेशी पदव्यांचा व्यवहार अजूनही देशादेशांतलाच होता, परस्पर मान्यतेचा. तो १९७५ मध्ये पुन्हा तुटला. ब्रिटनने भारतीय पदव्यांची सरसकट मान्यता काढली आणि आपल्या डॉक्टरांना भाषेची आणि ज्ञानाची परीक्षा लावली. पुढे ती प्लॅब या नावाने ओळखली जाऊ लागली. आपल्याकडच्या डॉक्टरांना ही परीक्षा लागली. इथे एम.बी.बी.एस. करून, नोकरी करून गेलेला माणूस तिथे पुन्हा परीक्षेच्या बाकावर. पदवीकडून पदवीधराकडे बोट वळलं ते इथे.

आणि हेच हत्यार सत्तावीस वर्षांनी आपण आपल्या मुलांवर चालवलं.

झालं असं. सोव्हिएत संघ फुटला आणि तिथल्या वैद्यकीय शिक्षणाचा बाजार झाला. एजंट आले, जाहिराती आल्या. कोणतं कॉलेज कसलं याचा पत्ता नाही. परत आलेल्या मुलांची नोंदणी अडली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २००१ मध्ये कायदा दुरुस्त झाला, २००२ पासून चाळणी परीक्षा आली. तीनशे प्रश्न, पास व्हायला दीडशे गुण, वर्षातून दोनदा. २०१५ ते २०१८ या काळात ६१,७०८ जण बसले आणि ८,७६४ पास झाले. सातातला एक. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड या पाच देशांतल्या मान्य पदव्युत्तर शिक्षणवाल्यांना मात्र ही चाळणी नाही. १९१२ ची आठवण येते की नाही?

तरीही परीक्षा नको असं आम्ही म्हणणार नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सीबीआयने ७३ जणांवर आणि १४ राज्य परिषदांतल्या लोकांवर गुन्हा नोंदवला. आरोप हा की चाळणी पास न होताच नावं रजिस्टरात चढली. रोगी कॉटवर पडलेला असतो, तो डॉक्टरचा कागद पडताळू शकत नाही. त्याच्या वतीने कुणीतरी पडताळायला हवंच. आमचं म्हणणं एवढंच, की ज्या कॉलेजात हातात रोगी दिला जात नाही त्या कॉलेजला आधी कुणी अडवलं नाही, एजंटला अडवलं नाही, अडवलं ते पंचविशीतल्या मुलाला, पैसे संपल्यावर.

मुलं का जातात? कराड आहे, मिरज आहे, सांगली आहे, आता साताऱ्यालाही सरकारी कॉलेज झालंय. वैद्यकीय शिक्षणात हा पट्टा काही मागासलेला नाही. पण सरकारी जागा मोजक्या, आणि खासगीत पूर्ण शिक्षणाचा खर्च कोटीच्या घरात जातो. त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यात युक्रेन किंवा किरगिझस्तान होतं. ऊस आणि द्राक्षाच्या पैशावर चालणाऱ्या घरात हा हिशेब कागदावर बरोबरच दिसतो.

नोव्हेंबर २०२१ मध्ये नवे नियम आले. किमान ५४ महिन्यांचं शिक्षण, तेही इंग्रजीतून, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप, शिवाय इथे आणखी १२ महिने, आणि सगळं दहा वर्षांच्या आत. त्या देशात डॉक्टर म्हणून नोंद होऊ शकेल अशीच पदवी हवी. तीन महिन्यांनी, २४ फेब्रुवारी २०२२ ला, युक्रेनवर हल्ला झाला. खार्कीव्हमध्ये १ मार्चला शेजारच्या कर्नाटकातला, हावेरीकडचा एक विद्यार्थी मारला गेला. खायचं सामान आणायला रांगेत उभा होता. बाकीची मुलं रुमानिया, पोलंडमार्गे विमानाने आली. आपल्या भागातल्या घरांनी ते दिवस फोन हातात धरून काढले.

मुलं जीव वाचवून घरी आली आणि नियमांत अडकली. शिक्षण त्याच संस्थेत पूर्ण करायचं, आणि संस्था बाँबखाली! ४ मार्चला आयोगाने राहिलेली इंटर्नशिप भारतात करू दिली. पुढे अशा पदवीधरांसाठी महाविद्यालयांत साडेसात टक्के जागा, फी नाही आणि इथल्या मुलांइतकंच विद्यावेतन, असंही कागदावर आलं. पण जे शेवटच्या वर्षात ऑनलाइन शिकले, ज्यांनी रोगी पाहिलाच नाही, त्यांचं काय? त्यांना इंटर्नशिप एकाऐवजी दोन, काहींना तीन वर्षं. २८ मार्च २०२३ ला सर्वोच्च न्यायालयापुढे सरकारने एक तोडगा ठेवला. शेवटच्या वर्षातल्या मुलांनी इथल्या कोणत्याही कॉलेजात नाव न घालता एम.बी.बी.एस.ची अंतिम परीक्षा द्यावी. संधी एकदाच. पास झाले तर दोन वर्षं इंटर्नशिप, त्यातलं पहिलं वर्ष बिनपगारी.

१९३० च्या आक्षेपाशी हे ताडून पाहा. तेव्हाही प्रश्न विद्यार्थ्याच्या हातून प्रत्यक्ष किती रोगी गेले हाच होता. तेव्हा आपल्या कायदेमंडळाने, आपल्या डॉक्टरांनी सगळ्यांच्या वतीने भांडण केलं, सहा वर्षांत मान्यता परत आली. २०२२ च्या मुलांचं भांडण त्यांच्या आईबापांनी वकील लावून केलं.

आम्ही इथे थांबतो. शेवटच्या रांगेत अशी तिघं जण बसली आहेत, त्यातला एकजण इथल्याच एका रुग्णालयात इंटर्नशिपच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आज त्याला रात्रपाळी आहे, साडेआठला निघायचंय. तेव्हा पहिले प्रश्न आम्हाला नकोत, त्याला विचारा. माइक जरा मागे द्या.