मनगटाच्या दुखण्याचा इतिहास

मनगटाच्या तळहाताकडील बाजूस, त्वचेखाली, एक अरुंद वाट आहे. आठ लहान हाडांच्या कमानीने तिचा तळ आणि दोन्ही बाजू बनतात, वर एक जाड आणि सहसा न ताणला जाणारा आडवा बंध छतासारखा पसरलेला असतो, आणि या मर्यादित जागेतून बोटे मिटणाऱ्या नऊ कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या चिवट दोऱ्या, व त्यांच्या जोडीने मीडियन नर्व्ह ही चेता तळहातात उतरते. चेता म्हणजे स्पर्शाची जाणीव मेंदूकडे नेणाऱ्या आणि हालचालीची आज्ञा स्नायूंकडे आणणाऱ्या तंतूंचा जुडगा. कंडरांवरील आवरण जाड झाले किंवा सुजले, तर ना हाडे सरकतात ना छत उचलले जाते. दाब सोसावा लागतो तो चेतेला, आणि मग अंगठा, तर्जनी, मधले बोट व अनामिकेची अर्धी बाजू यांत मुंग्या येतात, बधिरता येते, वेदना उठते. करंगळी मात्र सुटते, कारण तिच्याकडे जाणारी चेता या बोगद्यातून जात नाही. आज या विकाराला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. हे नाव विसाव्या शतकाच्या मध्यास रूढ झाले, पण हाताने पोट भरणाऱ्यांची तक्रार त्याहून कितीतरी जुनी आहे, आणि ती ऐकून घेणाऱ्यांनी दीर्घकाळ मनगट सोडून इतरत्र शोध घेतला, हे या इतिहासातील सर्वांत विचार करण्याजोगे प्रकरण आहे.

कामगारांच्या रोगांवरचा पहिला व्यवस्थित ग्रंथ इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली मोदेना येथे प्रसिद्ध केला. रोग्याला विचारायच्या नेहमीच्या प्रश्नांत ‘तुमचा धंदा कोणता?’ या प्रश्नाची भर घालावी, असा त्यांचा आग्रह होता. १७१३ साली पादुआ येथून निघालेल्या दुसऱ्या आवृत्तीला त्यांनी जी पुरवणी जोडली, तीत लेखनिक आणि दस्तऐवज लिहिणारे नोटरी यांच्या विकारांचे प्रकरण आहे. या वर्गाच्या दुखण्याची त्यांनी तीन कारणे सांगितली: सतत बसणे, हाताची एकाच दिशेने अखंड चालणारी हालचाल, आणि चूक होऊ नये म्हणून मनावर येणारा ताण. त्यांच्या परिचयाच्या एका नोटरीचा उजवा हात आधी थकला, मग कोणत्याही औषधाला दाद न देता पुरता निकामी झाला. त्याने डाव्या हाताने लिहिण्याचा सराव केला, तर काही काळाने डाव्या हातालाही त्याच व्याधीने गाठले. या मनुष्याला नेमके काय झाले होते, त्याचे निदान तीनशे वर्षांनंतर करणे योग्य नाही. तरीही पोटासाठी हात बदलून पाहणे, ही कामकऱ्याने स्वतः शोधलेली तोड ग्रंथात नोंदली गेली, याचे मोल मोठे आहे.

भारतातील हस्तलिखितांच्या अखेरीस नकलकार जे श्लोक लिहीत, त्यांतल्या एका सुपरिचित श्लोकात पाठ, कंबर आणि मान मोडून, खाली मान घालून, कष्टाने हा ग्रंथ लिहिला आहे, तेव्हा तो जपावा, अशी विनवणी असते, आणि त्याच्या काही पाठांत आवळलेल्या मुठीचाही उल्लेख येतो. ही आवळलेली मूठ म्हणजे लेखणीची पकड. बोरूने मोडी लिहिणारा कारकून आधी ओळीची रेघ आडवी ओढून घेई आणि मग लेखणी शक्य तितकी कमी उचलत अक्षरांमागून अक्षरे तिला जोडत जाई. रामाझ्झिनींनी सांगितलेले बसणे, एकाच दिशेची हालचाल आणि चित्ताची एकाग्रता ही तिन्ही कारणे या कामातही पुरेपूर होती.

एकोणिसाव्या शतकात युरोपातील व्यापार आणि राज्यकारभार यांचा कागद अतोनात वाढला, पिसाच्या लेखणीची जागा बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतील पोलादी टाकाने घेतली, आणि लेखनिकांचा पेटका, म्हणजे लिहू लागताच बोटे आखडून लेखणी हाताबाहेर जाणे, हा डॉक्टरांच्या चर्चेचा विषय झाला. लंडनचे शल्यवैद्य सॅम्युअल सॉली यांनी १८६४ साली त्यावर व्याख्याने दिली. येथे एक भेद स्पष्ट करायला हवा. हा पेटका आज मेंदूकडून होणाऱ्या हालचालींच्या नियंत्रणातील बिघाड मानला जातो आणि मनगटातील चेतेवरचा दाब ही त्याहून निराळी गोष्ट आहे. पण त्या काळी दोन्हींची सरमिसळ होत असे, आणि पेटक्यासोबत ‘नाजूक मज्जातंतूंचा मनुष्य’ ही जी समजूत जोडली गेली, तिची सावली हाताच्या इतर दुखण्यांवरही पडली.

तारयंत्र आल्यावर ही समजूत कायद्याच्या दारापर्यंत पोहोचली. मोर्सची कळ दाबून दिवसभर संदेश पाठवणाऱ्या तारमास्तरांचे हात आखडू लागले, तेव्हा ब्रिटनने १९०६ च्या कामगार भरपाई कायद्याखालील रोगांच्या यादीत १९०८ साली तारमास्तरांच्या पेटक्याचा समावेश केला. नुकसानभरपाईचा हक्क मिळाल्यावर तक्रारी वाढल्या आणि टपाल खात्याने चौकशी समिती नेमली. तिच्या १९११ च्या अहवालाने या विकाराचा उगम दोन गोष्टींत पाहिला: एक, त्याच त्या हालचालींनी येणारा थकवा, आणि दुसरी, कामगाराची मानसिक व मज्जातंतूंची अस्थिरता. कामाचे तास आणि कळेची रचना बदलता येण्याजोगी होती, माणसाचा स्वभाव तसा नव्हता. म्हणून दोष स्वभावाकडे वळवणे हे केवळ वैद्यकीय मत उरत नाही, कोणाला काही करावे लागेल आणि कोणाला लागणार नाही, हेही त्यातून ठरते. याच १९०८ साली मुंबईसह हिंदुस्थानातील अनेक तार कचेऱ्यांत कामाच्या वेळांच्या नव्या पद्धतीवरून संप झाला होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या काळी तारेच्या टेबलावरील श्रम किती तापलेला विषय होता, याची कल्पना येते.

या चर्चेशी काहीही संबंध न येता मनगटाचा खरा धागा दुसरीकडे विणला जात होता. सर जेम्स पॅजेट यांनी १८५४ साली प्रसिद्ध झालेल्या शल्यविकृतीवरील व्याख्यानांत लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील एका माणसाची हकीकत दिली आहे. मनगटाजवळचे हाड मोडून ते जुळताना वाजवीपेक्षा अधिक हाड तयार झाले, मीडियन चेता दबली, अंगठा व शेजारच्या दोन बोटांवर व्रण झाले आणि कोणताही उपचार लागू पडेना. शेवटी तळहाताकडील भाग सैल राहील अशा रीतीने मनगट बांधून ठेवल्यावर व्रण भरले. आज रात्री झोपताना मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधायला सांगतात, त्यामागचे तत्त्व, म्हणजे मनगटाची स्थिती बदलून चेतेवरील दाब उतरवणे, या एका नोंदीत पूर्णपणे आले आहे. त्यातून शास्त्र पुढे जायला मात्र जवळजवळ शंभर वर्षे लागली.

बॉस्टनचे जेम्स जॅक्सन पुटनम यांनी १८८० साली ३७ रुग्णांचे निरीक्षण मांडले. यांत स्त्रियांचा भरणा मोठा होता. त्यांना रात्री किंवा पहाटे हाताला मुंग्या येऊन जाग येई, आणि हात झटकला, चोळला किंवा पलंगावरून खाली लोंबता सोडला की बरे वाटे. हे वर्णन आजही डॉक्टरांना निदानाची पहिली दिशा दाखवते. झोपेत मनगट नकळत मुडपले जाते व बोगद्यातील दाब वाढतो, म्हणून रात्र अवघड जाते, हे पुढे कळले. पुटनम यांच्या काळी या लक्षणांना रक्ताभिसरणातील दोष समजले जाई. १९१३ साली पॅरिसमध्ये पिएर मारी आणि शार्ल फ्वा यांनी ऐंशी वर्षांच्या एका वृद्धेच्या शवविच्छेदनात दोन्ही मनगटांतील आडव्या बंधाच्या काठाशी चेता फुगलेली पाहिली, आणि हा बंध वेळीच कापला तर हानी थांबू शकेल, असे सुचवले. एवढे स्पष्ट सांगूनही त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. त्या वेळी डॉक्टरांचा कल मानेकडे होता: मानेतील जादा बरगडी किंवा पहिल्या बरगडीवर ताणल्या जाणाऱ्या चेता हेच कारण धरून मानेवर शस्त्रक्रिया होत राहिल्या, आणि ज्यांचे दुखणे मनगटात होते त्यांना मानेवरचे व्रण तेवढे पदरात पडले.

जेम्स लर्मन्थ यांनी अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये हा बंध कापल्याची नोंद १९३३ साली प्रसिद्ध केली. चित्र खऱ्या अर्थाने पालटले ते १९४७ मध्ये, जेव्हा रसेल ब्रेन, डिक्सन राइट आणि मार्सिया विल्किन्सन या तिघांनी ‘द लॅन्सेट’मध्ये सहा रुग्णांची हकीकत मांडली. सहाही स्त्रियाच होत्या, अपघात किंवा हाड मोडण्याचा पूर्वेतिहास नसताना त्यांच्या दोन्ही मनगटांतील चेता दबल्या होत्या, आणि बंध मोकळा केल्यावर वेदना ओसरली. त्यानंतर अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकचे जॉर्ज फेलन यांनी १९५० पासून या विकारावर सातत्याने लिहिले. मनगट एक मिनिट मुडपून ठेवले असता मुंग्या येतात का, हे पाहण्याची कसोटी त्यांच्या नावाने ओळखली जाते, आणि १९६६ च्या त्यांच्या लेखात सतरा वर्षांतील ६५४ हातांचा अनुभव आहे.

फेलन यांचे वैद्यकावरील ऋण मोठे आहे, पण त्यांचा एक निष्कर्ष तपासून पाहावा लागतो. बहुतेक रुग्ण मध्यमवयीन गृहिणी आहेत, त्या हाताचे अवजड काम करणाऱ्या नव्हेत, म्हणून हा विकार सहसा कामामुळे होत नाही, अशी त्यांची मांडणी होती. गर्भारपण, मधुमेह, थायरॉइडची मंदगती, संधिवात आणि वय यांचा या विकाराशी संबंध आहे, हे खरेच आहे, आणि स्त्रियांत तो अधिक आढळण्यामागे शरीररचनेचाही वाटा असावा. तथापि कपडे पिळणे, कणीक तिंबणे, घासणे, पुसणे, खलबत्त्यात कुटणे, लेकरू कडेवर धरणे यांत मनगटाला जोर लावावा लागतो, ते मुडपावे लागते आणि तीच हालचाल शेकडो वेळा करावी लागते. ही यादी कारखान्यातील असती तर तिला काम म्हटले गेले असते. ज्या श्रमाला मजुरी नाही तो वैद्यकीय गणनेतही न येणे, ही या विकाराच्या इतिहासातील सर्वांत मोठी उणीव आहे.

१९८० च्या दशकात कळफलकावर काम करणाऱ्यांच्या हातांच्या तक्रारींवरून ऑस्ट्रेलियात मोठा वाद उठला आणि दुखणे हातात की मनात, हा १९११ चाच प्रश्न नव्या यंत्रासमोर पुन्हा उभा राहिला. पुढील संशोधनाने संगणकाच्या कळफलकाचा चेतेवरील दाबाशी असलेला संबंध क्षीण ठरवला, तर जोर लावून वारंवार करावी लागणारी कामे आणि कंप पावणारी अवजारे यांच्याशी असलेला संबंध बळकट ठरवला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१० साली सुधारलेल्या व्यावसायिक रोगांच्या यादीत कार्पल टनेल सिंड्रोम नावानिशी आला, तो दीर्घकाळ जोर लावून तेच ते काम करणे, कंप सोसणे आणि मनगट टोकाच्या स्थितीत ठेवणे या कारणांसह. उपचारांचा क्रमही आता ठरून गेला आहे: लक्षणे सौम्य असली तर रात्री मनगटपट्टा आणि कामात बदल, गरज पडल्यास बोगद्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन, आणि अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा झिजू लागला किंवा बधिरता कायमची होऊ लागली तर, उशीर न करता, बंध कापण्याची छोटी शस्त्रक्रिया. पॅजेट यांच्या रुग्णाच्या मनगटाला बांधलेली ती पट्टी या क्रमात आजही पहिल्या पायरीवर आहे.