भायखळ्याचा तुरुंग आणि संमतीचा प्रश्न

१८९७ सालचा प्लेग म्हटला की पुणेकरांना रँडसाहेब आठवतो, गणेशखिंडीचा रस्ता आठवतो, माजघरात शिरणारे सोजीर आठवतात. परंतु त्याच साली मुंबईस घडलेली एक गोष्ट आम्हांस आज श्रोत्यांपुढे मांडावयाची आहे.

ओदेसा येथे जन्मलेले शास्त्रज्ञ हाफकिन ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार करीत होते. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली आणि येणारा ताप सोसला. येथवर कोणाची तक्रार नसावी. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. जे कैदी राजी झाले त्यांना लस टोचली, उरलेल्यांना तसेच ठेवले, आणि दोहोंकडील आजारी व मृत मोजले. टोचलेल्यांत रोग पुष्कळच कमी आढळला.

लस गुणकारी, हे खरेच. पण ज्याच्या कोठडीची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला, त्याच्या होकाराला होकार म्हणावे काय? आम्हांस तसे म्हणवत नाही. तरीही एक विलक्षण गोष्ट नोंदविली पाहिजे: तुरुंगात कैद्याला निदान विचारले तरी गेले, इकडे पुण्यात मोकळ्या नागरिकाला, तुझे घर तपासू काय, असे कोणी विचारले नाही!

पुढे ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी एकाच बाटलीतून टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. हाफकिन यांना कामावरून दूर केले गेले. बाटली उघडण्याचा चिमटा जमिनीवर पडला होता, ही गोष्ट मागाहून उजेडात आली. रोनाल्ड रॉस प्रभृतींनी बाजू मांडली आणि १९०७ साली त्यांच्यावरील ठपका दूर झाला. १९२५ साली मुंबईच्या प्रयोगशाळेला त्यांचेच नाव देण्यात आले. गेलेल्या १९ जणांची नावे मात्र आपल्यापैकी कोणास ठाऊक नाहीत.

आज लशींच्या कारखान्यामुळे पुण्याचे नाव जगभर झाले आहे. २०१९ च्या नियमांनुसार नव्या औषधाची माणसांवर चाचणी घेण्यापूर्वी नैतिकता समितीची मान्यता लागते. समितीत किमान ७ सभासद असावे लागतात. त्यांत एक कायदेपंडित, निदान एक स्त्री, आणि एक अगदी सामान्य माणूस, ज्याला वैद्यक येत नाही. संमतिपत्र समजते की नाही, हे डॉक्टरांपेक्षा त्यालाच अधिक कळावयाचे. ती खुर्ची या मंडपातील कोणालाही मिळू शकते.