आर्गॉन

सौदीत जुबैल, यान्बूच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांत पाइप जोडणाऱ्या आपल्याकडच्या वेल्डरांच्या तोंडी हा शब्द रोजचा. टिग वेल्डिंगला ते सरळ ‘आर्गॉन वेल्डिंग’ म्हणतात. वितळलेल्या धातूला हवा लागू नये म्हणून हा वायू भोवती सोडायचा; तो स्वतः धातूशी काहीच करत नाही.

नाव पडलं ते याच स्वभावावरून. १८९४ साली लॉर्ड रॅले आणि विल्यम रॅमझी यांना तो हवेत सापडला. कशाशीच संयोग पावेना, म्हणून ग्रीक ‘आर्गोस’, म्हणजे निष्क्रिय, आळशी. त्यातला ‘अ’ आपल्या ‘अकर्म’मधलाच नकाराचा, ‘एर्गॉन’ म्हणजे काम. ‘एनर्जी’तही तेच एर्गॉन आहे.

मला हे नाव अन्यायाचं वाटतं. उणे १८६ अंश सेल्सिअसखाली द्रव झालेल्या आर्गॉनमधून विद्युतभारित कण गेला, की उत्तेजित अणू शेजाऱ्याशी क्षणभर जोडी जमवतो. ती फुटताना १२८ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश निघतो. एकट्या अणूला तो शोषता येत नाही, म्हणून द्रव स्वतःच्याच प्रकाशाला पारदर्शक राहतो. न्यूट्रिनो हा विद्युतभार नसलेला कण स्वतः दिसत नाही, पण त्याच्या धडकेतून सुटलेले कण ही चमक उठवतात आणि घटनेची नेमकी वेळ तिच्यावरूनच कळते. अमेरिकेतल्या ‘ड्यून’ या न्यूट्रिनोंच्या प्रयोगात ही चमक पकडणाऱ्या साधनाचं नाव ‘अरापुका’. ब्राझीलमधल्या तुपी भाषेतून आलेल्या या शब्दाचा अर्थ पक्षी धरायचा सापळा. आत शिरलेल्या प्रकाशाची तरंगलांबी बदलते आणि त्याची बाहेरची वाट बंद होते.