दारावरचा कडुनिंब

महाराष्ट्रात आषाढ अमावास्येला दिव्यांची पूजा होते. त्याच दिवशी छत्तीसगडमधल्या भिलाईच्या आसपासच्या गावांत हरेलीचा सण असतो. शेतकरी नांगर-कुदळ धुऊन पुजतात, गुरं राखणारा राऊत घरोघरी दारावर कडुनिंबाची डहाळी खोचतो, लोहार चौकटीत खिळा ठोकतो. पावसाळा म्हणजे रोगराईचे दिवस. तिला उंबऱ्याबाहेर ठेवण्याची ही सामुदायिक खटपट.

देवीची साथ आली की हे नियम कडक होत. शीतला माता पाहुणी आली, अशी श्रद्धा. त्या घरात फोडणी बंद, मांसाहार बंद, अंथरुणाशी कडुनिंबाचा पाला. माता कोपू नये म्हणून परक्यांची ये-जाही आवरली जाई. विलगीकरण भक्तीतूनच घडे. मात्र त्याच भक्तीपोटी मांदर हा ढोल वाजवत देवीची जसगीतं गाणारी मंडळी रुग्णाच्या घरी जमत, आणि लस टोचून घ्यायला लोक कचरत. एकाच श्रद्धेनं दार लावलंही आणि उघडलंही.

घरातल्या श्रद्धा सरकारनं पायदळी तुडवल्या की काय होतं, ते १८९७ साली पुण्यानं पाहिलं. प्लेगचे रोगी शोधायला गोरे सोजीर स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरले. लोक रोगी लपवू लागले. २२ जूनला प्लेग कमिटीचे प्रमुख रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रुग्णांना मुलगा यशवंतच्या दवाखान्यात नेत होत्या. सेवा करतानाच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. लोकांचा विश्वास बसला तो अशा माणसांवर.

पुन्हा भिलाईकडे येऊ. तिथल्या पोलाद कारखान्यात १९५९ साली पहिली झोतभट्टी पेटली आणि देशभरातून आलेल्या कामगारांचं गाव वसलं. भट्टी थंड होऊ द्यायची नाही, हा तिथला धर्म. २०२१च्या एप्रिलमध्ये कोरोनामुळे भिलाईच्या दुर्ग जिल्ह्यात टाळेबंदी होती, तरी पाळ्या चालू राहिल्या. पोलाद शुद्ध करायला लागणारा ऑक्सिजन तेव्हा रुग्णांसाठी टँकरमधून जात होता. विदर्भाचीही त्यावर भिस्त होती. भिलाईहून येणारा कोटा घटल्यावर विषय उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला.

पुढच्या साथीसाठी टाक्या आणि टँकर लागतीलच. पण गावातले पूजाविधी करणारे बैगा, राऊत, जसगीतं गाणारी मंडळी यांच्याशी आरोग्य खात्यानं साथ येण्याआधी बसून बोलायला हवं. कुणाच्या घरी कधी जायचं नाही, हे गाव अजूनही त्यांचं ऐकून ठरवतं.